तुपात भाजलेली पावडर

माझ्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली पहिली मी. हे मी कुणालाही न लाजता सांगते, आणि बऱ्याचदा कुणी न विचारताही सांगते. वडील हिंगोलीजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झाले तेव्हा त्यांनी पदवीचा कागद लॅमिनेट करून आणला, आणि तरीही तो भिजेल अशी धास्ती वाटली म्हणून वरून एक प्लास्टिकची पिशवी चढवली.

नोकरी मात्र लागली चंदीगडला. सेक्टर ३४ मधल्या एका इमारतीत खाली कोचिंग क्लास आणि वर आमचं ऑफिस. खाली मुलं अधिकारी व्हायला शिकत होती, वर आम्ही कोंबड्यांच्या अंड्यांत जीव धरावा म्हणून फोन करत होतो. राहायला सेक्टर २२ मध्ये एक खोली होती, बस स्टँड जवळ म्हणून घेतलेली. कारण माझं खरं काम ऑफिसात नव्हतंच, फार्मवर होतं.

आमची कंपनी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची पावडर बनवते. शतावरी, अश्वगंधा, मेथी, शेवग्याची वाळवलेली पानं आणि त्यावर ओव्याच्या तेलाचा हलका हात. औषध नाही, इंजेक्शन नाही. रोजच्या खाद्याला दिलेली जोड. ही पावडर जायची ती पिल्लं काढणाऱ्या फार्मवर. खायच्या अंड्याचं सोपं असतं, कोंबडीने दिलं की झालं. पिल्लाच्या अंड्याला कोंबडाही धडधाकट लागतो, कोंबडीही, आणि दोघांचं जमावंही लागतं.

पिंजौरच्या थोडं बाहेर असं एक छोटं फार्म होतं. एक म्हातारी बाई ते चालवायची. सगळे तिला बीजी म्हणायचे, मीही म्हणू लागले. रंगीत देशी जातीच्या कोंबड्यांच्या दोन शेड, अंडी उबवायचं एक जुनं मशीन, आणि आसपासच्या गावांतल्या बायका घरी पाळायला तिच्याकडून पिल्लं न्यायच्या. बीजी पंजाबी मिसळलेल्या हिंदीत बोलायची, मी मराठी मिसळलेल्या हिंदीत. इथे मी सगळं माझ्या भाषेत लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याची दमछाक व्हायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तिथे पहिल्यांदा गेले. बोलावलं होतं तिच्या मुलाने. तो रोज मोहालीला नोकरीला जायचा. त्याने मला दारातच गाठलं.

"मॅडमजी, सरळ सांगतो. जानेवारीपासून अंडी कोरी निघताहेत. मशीनमध्ये ठेवतो, सातव्या दिवशी टॉर्च लावून बघतो, आत काही नाही. निम्मी जातात. बैसाखीपर्यंत बघणार. नाही सुधारलं तर सगळ्या कोंबड्या कापायला देणार आणि शेड भाड्याने देणार. शेजारच्या कारखान्याला खोकी ठेवायला जागा पाहिजेच आहे."

मागे बीजी उभी होती, ओढणीच्या टोकाने हात पुसत. ती म्हणाली, "ऐकलंस? माझ्या कोंबड्यांच्या जागी खोकी. खोक्यांना सकाळी हाक मारू का मी?"

"बीजी, ह्या वयात तुला शेडमधलं घाण तूस उपसायला लागू नये म्हणून म्हणतोय."

"माझं वय माझ्याकडे राहू दे."

मी मुलाला पाकिटं दिली, प्रमाण समजावलं. एका पोत्याला किती मिसळायची, आधी थोड्या खाद्यात आणि मग सगळ्यात कशी कालवायची, सगळं. तो मान डोलवत होता, मोबाइलवर लिहून घेत होता. मला कालक्याहून येणारी परतीची बस धरायची होती. अर्ध्या तासात माझं काम झालं. चांगलं समजावलं, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी परत गेले तेव्हा मुलगा मशीनच्या खोलीत टॉर्च घेऊनच उभा होता. ट्रेमधलं एकेक अंडं उचलून त्याने उजेडावर धरलं. जिवंत अंड्यात सातव्या दिवशी लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक काळा ठिपका थरथरतो. इथे पिवळा, स्वच्छ, रिकामा उजेड. दुसरंही तसंच. तिसऱ्यात जाळं होतं. पुढची चार कोरी.

"आधी निम्मी जात होती," तो म्हणाला, "आता त्याहून जास्त. तुमची पावडर तर उलटीच चालली, मॅडमजी. मी खाटकाशी बोललोय. रविवारी गाडी येईल."

"बैसाखी म्हणाला होतात."

"बैसाखीपर्यंत काय, आणखी दाणा घालू त्यांना?"

त्या दिवशी गुरुवार होता. तो मोहालीला निघून गेला. मी बसले नाही, चहाही घेतला नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. कोंबड्या जाणार होत्या त्या माझ्या पाकिटाच्या नावावर.

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं आणि जे मला कॉलेजात शिकवलं होतं. त्याच सकाळची पाच-सहा ताजी अंडी घेतली आणि स्टीलच्या ताटात फोडली. बलकावर एक पांढरा ठिपका असतो. अंडं फळलेलं असेल तर तो ठिपका बांगडीसारखा गोल दिसतो, आत मोकळा. नसेल तर नुसता डाग. माझ्या ताटात एक बांगडी आणि बाकी सगळे डाग होते. म्हणजे मशीनचा दोष नव्हता, ऊब कमी पडत नव्हती. मुळात कोंबडा कोंबडीपर्यंत पोचतच नव्हता.

शेडमध्ये शिरून मी एक कोंबडा उचलला. उचलला म्हणजे काय, दोन्ही हात लावावे लागले. तांबडा, डौलदार, पोट हाताला लोण्यासारखं मऊ. दुसरा उचलला, तोही तसाच. बीजीकडच्या दाणा तोलायच्या काट्यावर ठेवला तर त्या जातीच्या साधारण कोंबड्यापेक्षा दीडपट भरला. खाली सोडल्यावर तो चार पावलं चालला आणि दम लागल्यासारखा बसला. आणि कोंबड्या मात्र जशा असाव्यात तशा होत्या, हलक्या, तुरतुरीत.

एकाच शेडमध्ये, एकाच दाण्यावर, नर लठ्ठ आणि माद्या बारीक. असं होत नाही.

तेवढ्यात बीजी जाळीपाशी आली आणि सगळे कोंबडे, तो दमलेला धरून, धडपडत तिच्याकडे गेले. दाण्याच्या पोत्यांमागे हात घालून तिने एक मोठा स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं आणि मला वास आला. ओवा. शतावरी. आणि चिक्कार साजूक तूप.

"बीजी, हे काय आहे?"

"तुझीच पावडर, पुत्तर. कच्ची कशी घालायची? कडू लागते. मी कणकेबरोबर तुपात भाजली, थोडा गूळ घातला. बघ कशी खातात."

"सगळ्यांना?"

"फक्त नरांना. मेहनत त्यांना करायची असते ना."

ओव्याच्या तेलाचं जे काही काम होतं ते कढईतच उडून गेलं होतं. उरलं होतं तूप, कणीक आणि गूळ, आणि ते सगळं दोन डझन नरांच्या पोटात. त्यानंतर मी जे बोलले ते आज लिहितानाही मला बरं वाटत नाही.

"बीजी, हे शास्त्र आहे, स्वयंपाक नाही. पाकिटावर एवढं स्पष्ट लिहिलंय, वाचायचं तरी!"

तिने डब्याचं झाकण लावलं. शांतपणे म्हणाली, "मला फक्त गुरमुखी येते. पाकिटावर इंग्रजी आहे. आणि तू मला काही सांगितलं नव्हतंस. तू त्याला सांगितलंस."

खरं होतं. खाद्य घालणारी बाई दारात हात पुसत उभी होती, आणि मी अर्धा तास सूचना देत बसले त्या माणसाला, जो सकाळी आठला घर सोडतो आणि अंधार पडल्यावर येतो. मी ज्या घरातून आले तिथे तरी दुसरं काय होतं? सरकारी माणूस यायचा, आजोबांना सगळं समजावून जायचा, आणि म्हशीची धार काढायची आजी. मी शिकले ती असं करायला नव्हे. मी तिथेच गोणपाटावर बसले आणि म्हटलं, "चुकले, बीजी. आता मला सांगा, हे केव्हापासून घालताय?"

"पावडर आल्यापासून."

"नाही. अंडी कोरी निघायला लागली जानेवारीत. पावडर आली फेब्रुवारीत. त्याआधी काय घालत होतात?"

तिने शेडचं दार लोटून घेतलं आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.

नोव्हेंबरात तिची सून बाळंत झाली होती. बीजीने रीतीप्रमाणे पंजीरी केली. पंजीरी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवांची बहीण समजा, फक्त वळलेली नसते. कणीक, तूप, डिंक, सुंठ, सुकामेवा. मुलाने स्वतः बदाम आणून दिले होते. रोज दोन वाट्या खायच्या, असा घरचा नियम. सुनेला ती जाईना. पहिले काही दिवस कसंबसं खाल्लं, मग एक दिवस स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हणाली, बीजी, माझ्याच्याने होत नाही, पण ह्यांना सांगू नका, ते प्रेमाने आणतात.

"मग मी काय करू?" बीजी मला म्हणाली. "वाटी तर रोज रिकामी दिसली पाहिजे. फेकू? तुपातलं अन्न फेकू? मी ओढणीत झाकून इथे आणायची. हे कोंबडे खायचे. थंडी होती, मला वाटलं, बरंच आहे. ती संपली तर ह्यांना सवय लागलेली. जाळीपाशी येऊन ओरडायचे. मी पुन्हा केली. मग तुझी पावडर आली, त्यात घातली."

पूर्ण गोष्ट माझ्यासमोर होती, आणि त्यावर उपायही होता. तूप बंद करायचं. नरांचा दाणा मोजून द्यायचा, त्यांची भांडी वेगळी, उंच टांगलेली. पावडर कच्चीच, नीट कालवून. पण लठ्ठ कोंबडा एका दिवसात बारीक होत नाही. वजन उतरायला, मग पुन्हा जोर यायला, मग अंडी गोळा करून मशीनमध्ये ठेवायला आणि सातव्या दिवशी बघायला किमान पाच-सहा आठवडे हवे होते. आणि गाडी रविवारी येणार होती.

"मी तुमच्या मुलाशी बोलते," मी म्हटलं.

"काय बोलशील?"

"हेच. कारण सापडलं म्हणून. कारण सांगितल्याशिवाय तो का थांबेल?"

"नाही." तिने माझं मनगट धरलं. "तू सांगशील, तो हसेल, चिडेल, ते चालेल. पण पंजीरी कुठून आली विचारेल. तिने मला विश्वासाने सांगितलंय. आईबापाचं घर सोडून आलेली पोरगी आहे. कोंबड्या गेल्या तर मी रडेन. तिला दिलेला शब्द मोडला तर ती माझ्याशी पुन्हा बोलेल का?"

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. खोटं मला जमत नाही, जमवायचीही इच्छा नाही. पण त्या दिवशी मी शनिवारी येते एवढंच म्हटलं.

शनिवारी मुलगा घरी होता. मी ठरवून गेले होते की पावडर भाजल्याचं सांगायचं आणि जानेवारीचं बोलायचंच नाही. अंगणात खाट टाकलेली होती. मुलगा, बीजी आणि मी. सून बाळाला घेऊन दाराच्या चौकटीत उभी होती. मी नरांच्या वजनाचं सांगितलं, तुपाचं सांगितलं.

मुलाने कपाळाला हात लावला. "बीजी! कोंबड्यांना देसी तूप? मला पराठ्याला कमी लावतेस!"

"तू कुठे अंडी उबवतोस?"

मला हसू आलं, पण त्याचं डोकं चालत होतं. "थांबा, मॅडमजी. तूप फेब्रुवारीत सुरू झालं. अंडी जानेवारीत बिघडली होती. मग कारण तूप कसं? तुम्ही पावडरीला वाचवताय."

बरोबर तोच प्रश्न जो मी बीजीला विचारला होता. माझ्याकडे बघून बीजीने मान हलवली, अगदी थोडी. मी म्हटलं, "वीरजी, माझ्यावर विश्वास ठेवा, कारण तूपच आहे." आणि म्हणतानाच मला कळलं की असं कुणी मला म्हटलं असतं तर मीही ठेवला नसता.

"विश्वासावर दोनशे पक्षी सहा आठवडे पोसू? नाही. उद्या गाडी येऊ दे."

बीजी उठून शेडकडे निघाली. तिच्या पाठीकडे बघत सून दारातून म्हणाली, "डिसेंबरपासून."

मुलगा वळला. "काय?"

"तूप डिसेंबरपासून चालू आहे. माझी पंजीरी. मी खाल्लीच नाही. मला मळमळायचं. बीजी गुपचूप कोंबड्यांना घालायची, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी सांगू नका म्हटलं होतं." तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "चिडायचं तर माझ्यावर चिडा. गाडी नका बोलावू."

बीजी शेडच्या वाटेवर थांबली होती. मुलगा बायकोकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मी बदाम आणले, पिस्ते आणले, आणि ते सगळं त्या तांबड्याने खाल्लं?"

"मनुकेसुद्धा," बीजी लांबून म्हणाली.

"मला सांगायचं तरी, यार. मी काय जबरदस्ती केली असती?"

"तुम्ही रोज वाटी बघायचात," सून म्हणाली.

थोडा वेळ तो खाटेची सुतळी ओढत बसला. मग त्याने मोबाइल काढला, खाटकाला लावला, उद्या येऊ नको म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "अजून काही पक्कं नाही," तो म्हणाला. "सहा आठवडे थांब. बैसाखी जाऊ दे."

ते सहा आठवडे बीजीने कसे काढले ते मी फोनवर ऐकत होते. नरांची भांडी उंच टांगली, दाणा मापाने. पावडर कशी कालवायची ते मी ह्या वेळी तिच्या हाताने तिच्याकडून करून घेतलं, आणि प्रमाण गुरमुखीत एका पुठ्ठ्यावर सुनेने लिहून शेडच्या खांबाला बांधलं. रोज सकाळी बीजीचा फोन यायचा. "तांबडा माझ्याकडे बघतोय. अशा नजरेने बघतोय की जणू मी कसाई आहे." मी म्हणायचे, बघू दे. ती म्हणायची, "तुझं काळीज दगडाचं आहे, डॉक्टरनी." मी डॉक्टर नाही हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. तिला ते पटलं नाही.

बैसाखी झाली. एप्रिलच्या शेवटाला, कडक उन्हात, मी पुन्हा मशीनच्या खोलीत उभी होते. खिडकीला पोतं लावून अंधार केला होता. मुलाने अंडं उचललं, टॉर्चवर धरलं. लाल जाळं. दुसरं, लाल जाळं. तिसरं कोरं. मग ओळीने सगळ्यांत शिरा, आणि मध्ये तो काळा ठिपका, थरथरणारा. ट्रे संपेपर्यंत बाजूला काढलेली कोरी अंडी एका ताटलीत मावली. बीजी दारात भिंतीला धरून उभी होती. तिने आत येऊन बघितलं नाही. मुलाने एक अंडं तिच्याकडे नेलं, तिच्या डोळ्यासमोर उजेडावर धरलं आणि म्हणाला, "घे. खोक्यांना दुसरीकडे जागा बघायला सांगतो."

ऑफिसात साहेबांना ह्यातलं निम्मंच हवं होतं. फार्मचा फोटो, बीजीचा फोटो, आणि खाली आमच्या पावडरीचं नाव. मी अहवालात लिहिलं: कोंबड्यांचं तूप बंद केलं आणि पावडर नीट दिली, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे सुधारणेचं श्रेय पावडरीला किती, हे सांगता येत नाही.

साहेब म्हणाले, "मॅडम, असं लिहून कोण घेईल आपला माल?"

"जो फसणार नाही तो घेईल, सर. आणि खरंच उपयोग आहे की नाही, मलाही बघायचंय."

मला मनापासून वाटतं की उपयोग आहे. त्या मुळ्या आणि पानं उगाच कुणी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणींना आणि गुरांना घातली नाहीत. पण वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं, एवढं कॉलेजच्या चार वर्षांत शिकलेच होते. साहेबांनी शेवटी नीट चाचणी घ्यायची परवानगी दिली, जाहिरातीला फोटो मिळाला नाही म्हणून तोंड पाडून.

मी पिंजौरला गेले आणि बीजीला समजावलं. ह्या वेळी आधी तिलाच. दोन शेड आहेत, पक्षी सारखे आहेत. एका शेडला पावडर द्यायची, दुसरीला नाही. दोन्हींची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये. मग कळेल.

"आणि दुसऱ्या शेडने काय पाप केलं?" ती म्हणाली.

"काही नाही, बीजी. तुलना करायला लागते."

"एकाच्या पुढ्यात वाढायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं? माझ्या घरात असं होत नाही."

मुलगा हसू दाबत म्हणाला, "मॅडमजी, तुमचं शास्त्र आता अडलं बघा."

मी विचार केला. मग म्हटलं, सहा आठवडे ह्यांना, मध्ये थोडा खंड, आणि मग सहा आठवडे त्यांना. अदलाबदल. दोघांनाही मिळेल, आणि मला दोनदा तुलना करता येईल. कॉलेजात ही पद्धत आम्हाला फळ्यावर शिकवली होती, मीच ती विसरले होते.

बीजीने दोन्ही शेडकडे पाहिलं. "आधी कोणाला?"

"चिठ्ठी टाकू," मी म्हटलं. "म्हणजे कुणी कुणाची बाजू घेतली असं व्हायला नको."

सुनेने दोन चिठ्ठ्या केल्या, बाळाच्या मुठीपुढे धरल्या. बाळाने एक पकडली आणि सरळ तोंडात घातली. ती काढायला जरा वेळ लागला. भिजलेल्या कागदावर डावी शेड निघाली, आणि बीजी पावडरीचं पाकीट काखेत घेऊन तिकडे चालू लागली.